मे महिन्याचा नकाशा

मे महिन्याच्या नकाशावर शर्वरी देवतळेने पंचवीस एप्रिलला सही केली, पण मग तिला खुर्चीत बसवेना. बारा किलोमीटर उंचीवरचा वारा येत्या महिन्यात उत्तरेकडे वळवायचं ठरलं होतं. त्यामुळे आसामातला पूर टळणार होता. त्याच्या बदल्यात विदर्भावर एक मेपासून नऊ दिवस पन्नास अंशांचं ऊन मुक्काम करणार होतं. एक तारखेपर्यंत नकाशा बाहेर जाता कामा नये, असा ती काम करत असलेल्या हवामान-नियंत्रण केंद्राचा नियम होता.

जिन्यात जाऊन तिने हिंगणघाटला वडिलांना फोन लावला.

"बाबा, माझ्याकडे पुण्याला या. दोन-चार दिवसांत निघाच."

वडिलांनी विचारलं, "ऊन आमच्याकडे पाठवलं का तुम्ही?"

"हो."

"सही कोणाची?"

"माझी. पुरात हजारो माणसं गेली असती, बाबा."

"मग बरोबरच केलंस. पण मी एकटाच कसा येऊ, बाई? समोरच्या कमलबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना कोण सांगणार?"

तिने फोन ठेवला. ती जागेवर परतली, दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आली. मग तिने इशाऱ्याची यंत्रणा उघडली आणि तो नकाशा विदर्भातल्या प्रत्येक मोबाइलवर पाठवून दिला.

दहा मिनिटांत केंद्राचे संचालक दारात येऊन उभे राहिले.

"नकाशा कोणी फोडला?"

"मी," शर्वरी म्हणाली. "माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, सर. पण तिथे डॉक्टर पोहोचवायला आपल्याला आता सहा दिवस मिळालेत."