सगळं दोन किलोचं

दुकानातल्या वजन पेलणाऱ्या यांत्रिक जाकिटामुळे उज्ज्वलाला साखरेचं पोतं आणि पापडाचं खोकं सारखंच लागायचं. काहीही उचला, अंगाला भार दोनच किलोचा. कामगारांच्या कंबरा जपाव्यात म्हणून मालकांनी जाकिटं आणली होती, आणि घरीही घालायला लावली होती. कंबर घरी मोडली तरी रजा दुकानालाच द्यावी लागते ना!

घरी आई अंथरुणाला खिळलेली. उज्ज्वला तिला रोज सकाळी गोधडीसकट उचलून खिडकीशी खुर्चीत बसवायची, ताट झाकून ठेवायची आणि कामाला पळायची.

"मी काय पोतं आहे का गं तुझ्या दुकानातलं?" आई म्हणायची.

"पोती निदान गप्प तरी बसतात," उज्ज्वला म्हणायची. दोघी हसायच्या.

आज जाकीट दुरुस्तीला गेलं होतं. उज्ज्वलाने पदर खोचला, गुडघे वाकवले, दात आवळले आणि सगळा जोर लावला. आई इतकी झटकन वर आली की उज्ज्वलाचा तोल गेला आणि ती पाठीमागच्या भिंतीला टेकली. हातात जणू नुसती गोधडीच होती.

"जेवण कधीपासून जात नाही तुला?"

"दिवाळीपासनं. ताटातलं उरतं ते खिडकीतून कावळ्यांना घालते."

"मग बोलली का नाहीस?"

आई जरा गोंधळलीच. "अगं, रोज उचलत होतीस की. मला वाटलं, तुला कळलंय, आणि तुला त्यावर बोलायचं नाहीये."

खुर्ची समोरच होती. उज्ज्वला आईला तशीच धरून उभी राहिली.