इंजेक्शनची उष्णता

"आज त्यांना इथं उभा करणार म्हंजे करणारच!" स्वप्नालीनं सिस्टरच्या टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास हिंदकळला.

"बरं बाई, करा उभे. नाव सांगा त्यांचं, पेपर काढून ठेवते."

स्वप्नालीनं मान फिरवली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत ना तिच्या माहेरी होती, ना कागलला सासरी. त्यात आज तर त्या नावाची नुसती आठवण झाली तरी तिचं डोकं फिरत होतं.

"उखाण्यात घ्या की मग," सिस्टर हसली.

"उखाणा? शिव्या घालायच्या असतील तर घालतो! ते आल्यावर त्यांनाच नाव इचारा."

कोल्हापुरातल्या या संशोधन केंद्रात ती आली होती आपणहून. पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेणाऱ्या बायकांना खालचे आजार लवकर जडतात का, हे डॉक्टर मॅडमना तपासायचं होतं. त्यासाठी बायका पाहिजे होत्या. आपल्याला नाही तर नाही, पुढं आपल्या पोरीच्या, साक्षीच्या पिढीला तरी कळेल, एवढ्याच विचारानं तिनं होकार दिला होता. घरी फक्त दवाखान्यात जाते म्हणून सांगायची.

आणि मग तिलाच आजार निघाला. गोळ्या घेतल्या, बरा झाला, परत निघाला.

"इंजेक्शननं आजार पटकन जडतो का, ते आम्ही शोधतोय," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण जंतू काही इंजेक्शनातून येत नाहीत. ते माणसाकडूनच येतात. दोघांनी एकदम औषध घ्यायला पाहिजे. हे असंच चालू राहिलं तर गर्भाशयाला कायमची इजा होईल."

तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. अर्धा आठवडा बाहेरच. ऐकून घेतलं आणि उसळला.

"इंजेक्शनची उष्णता हाय ती! न्हाईतर तूच कुठंतरी श्याण खाल्लं असशील!"

सासू धोंडुबाई तर टपलेलीच होती. "पोरगी ठेव हितं आन् तू जा म्हायेरला," म्हणाली. स्वप्नालीचे कपडे पिशवीत भरून तिनं दारातही नेऊन ठेवले. सहा वर्षांची साक्षी त्या पिशवीवर बसून राहिली, आईला जाऊ देईना.

तेव्हापासून स्वप्नालीचं अंग पेटलं होतं. तपासायचं तर दोघांना तपासा. खोटं कोण आहे ते सासूच्या तोंडावर दाखवते. नाहीतर घरही जाणार, पोरगीही जाणार आणि वर नावाला काळिमा.

ती बाकड्यावर येऊन बसली. शेजारी संयोगिता होती. जयसिंगपूरची, वयानं लहान. दोघींची ओळख या बाकड्यावरचीच. तपासणीला एकाच दिवशी यायच्या आणि डबा वाटून खायच्या. आजारही दोघींना एकच निघाला होता.

"तुझं आलं न्हाईत?" स्वप्नालीनं विचारलं.

"फोनच उचलंना झाल्यात, आक्का. फिरतीवर असत्यात नव्हं." संयोगितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आन् ऐकत्यात कुठं? म्हणत्यात, इंजेक्शनची उष्णता हाय."

"तुझं बी त्येच म्हणत्यात?" स्वप्नाली कडवट हसली. "समद्या गड्यांना एकच मास्तर शिकवतोय काय गं?"

संयोगिताही हसली. "वाईट न्हाईत तसं ते. आमच्या पोरावर, सम्राटवर लई जीव हाय त्येंचा. पण त्येंचा राग बघितला की मला बोलायचं सुदरत न्हाई."

"मऊ हायस, म्हणून नडतंय!" स्वप्नालीचा पारा परत चढला. "अगं, ना तुझ्या उरावर सासू, ना नणंद. पोराला घिऊन दोघंच खोलीत राहताय, तरी घाबरतीस? मी बघ. फोनवर सांगितलं, आज आला न्हाईस तर टँकर भरत्यात तिथं गेटावर येऊन बोंबलीन. समद्या डेअरीला गोळा करीन. लगेच म्हणाला, येतो, येतो!"

रागाच्या भरात ती एकेरीवर आली होती. तिचं तिलाही भान नव्हतं.

"म्या न्हाई गं असं बोलू शकत."

"तुझ्यासाठी मी बोलतो की! आज माझ्याला सरळ करतो, मग तुझ्याला. मी येतो जयसिंगपूरला. दोघी मिळून कॉलरला धरून हितं आणू त्येला. आपण काय रस्त्यावर पडलोय व्हय?"

संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "सख्खी भन असती तरी एवढं केलं नसतं, आक्का. मला आगंमागं कोण न्हाई. देवळात हार घातला तवापास्नं माझं ह्येच एक माणूस."

"रडायचं काम न्हाई. डोळं पूस."

जिन्यात चपला करकरल्या. तो आवाज स्वप्नाली झोपेतही ओळखायची. ती ताडकन उठली, पदर कमरेला खोचला. पहिली शिवी ओठावर तयार होती. सिस्टर ऐको, मॅडम ऐकोत, आज सोडायचं नाही.

तो दारात आला. त्यानं बाकड्याकडे पाहिलं आणि त्याचा पाय उंबऱ्यातच थबकला. चेहरा पांढराफटक पडला. बघ, कसा टरकला मला, स्वप्नालीला वाटलं.

तेवढ्यात तिचा हात कुणीतरी घट्ट धरला. संयोगिता उभी राहिली होती. ओल्या डोळ्यांनी दाराकडे बघत ती तोंडभर हसत होती.

"आक्का! आलं की गं आमचं!"