घोड्यांच्या कुरणातली अळंबी

सेल्वीला पाचवा महिना होता आणि डोहाळे लागले होते ते घोड्यांच्या कुरणातल्या अळंबीचे. "लिदीत उगवलेली ती. विषारी निघाली तर?" म्हणत नवऱ्यानं हात वर केले. सासू गुलिझार मात्र टोपली भरून घेऊन आली. त्यातली अर्धी तिनं लोण्यात परतली आणि सुनेच्या डोळ्यांदेखत, लवाश रोटीनं तवा पुसून पुसून, एकटीनं संपवली.

"आई, मला एक घास तरी!"

"माझ्या घासाला नजर लावू नकोस. सरक तिकडं!"

सेल्वी रात्रभर धुमसत राहिली. अख्ख्या अनातोलियात असली हावरट म्हातारी सापडायची नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सासूनं टोपलीत उरलेली अर्धी परतली आणि तवा तिच्यापुढं ठेवला.

"ऊठ गं, पोटभर खा. मला काही झालं नाही."