यादीतलं बारावं नाव

बाईंच्या खुर्चीवर बसल्यापासून तिसऱ्या मिनिटाला त्याला कळलं की चूक आपलीच आहे.

पडद्यावर एकच ओळ आली होती. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामला तारखा वाचणारं एक चिमुकलं पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला आयता तुकडा, हवं होतं आणि या कॉम्प्युटरवर ते नव्हतं. असणार कुठून? प्रोग्रामसोबत काय काय बसवायचं याची यादी त्यानंच केली होती. तीत अकरा नावं होती आणि हे बारावं नव्हतंच. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कशासाठी तरी बसवलेलं होतं, त्यामुळे तिथे प्रोग्राम बिनतक्रार चालायचा. "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय," हे वाक्य गेल्या तीन आठवड्यांत त्यानं फोनवर किती वेळा ऐकवलं असेल, त्याची मोजदाद नाही.

त्याच्या पाठीमागे पाणी तपासणी प्रयोगशाळेचे साहेब हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्याही मागे, बाटल्यांच्या कपाटाला टेकून, बाई. रोजचे नमुने तपासायचे आणि या प्रोग्राममधून अहवाल काढायचे, हे त्यांचं काम. प्रोग्राम बसेना म्हणून तीन आठवडे त्या अहवाल हातानं लिहीत होत्या. आजही जमलं नाही, तर बावीस वर्षं पाणी तपासलेल्या या बाईंनी सोमवारपासून खाली बाटल्या धुवायच्या, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

आणि ठरवायला कारण त्याचाच मेल. त्याच्या ऑफिसात त्याला वैद्यबुवा म्हणतात, फोनवरूनच नाडी बघतो म्हणून, आणि गडी त्यावर खूश असतो. पहिल्याच दिवशी बाईंनी फोनवर ही ओळ त्याला वाचून दाखवायला घेतली होती, इंग्रजी अक्षर न् अक्षर सुटं करून. पण वैद्यबुवांना कुठला धीर निघायला!

"ते वाचू नका हो बाई," तो म्हणाला होता, "मी सांगतो तेवढंच करा."

मग त्यानं त्यांना सगळं काढायला लावलं, परत बसवायला लावलं. एकदा नाही, चारदा. शेवटी कंटाळला आणि साहेबांना लिहून मोकळा झाला की तुमच्या बाईंना सूचना नीट पाळता येत नाहीत. वर सभ्यपणा म्हणून 'कृपया गैरसमज नसावा' हेही जोडलं.

यादीत नाव घालायला त्याला अर्धं मिनिट लागलं. लॅपटॉपवर सगळं नव्यानं बांधलं, बाईंच्या कॉम्प्युटरवर आणून बसवलं, बटण दाबलं. प्रिंटर जरा खरखरला आणि पहिला अहवाल बाहेर आला.

"बघा बाई," साहेब मागे वळूनही न बघता म्हणाले, "दहा मिनिटांचं काम होतं."

बाईंनी प्रिंटरमधला कागद उचलून घेतला.

आता बोलायचं, त्यानं मनाशी म्हटलं. चूक माझी होती. तीन शब्द तर आहेत. तेवढ्यात साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही मेलमध्ये लिहिलं होतं तेच खरं निघालं, म्हणाले, तर आता तुम्हीच काय ते सांगा, बाईंना या टेबलावर ठेवायचं की नाही. त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"राहू द्या साहेब. होतं असं कधी कधी. नवीन गोष्ट शिकायला वेळ लागतो माणसाला."

घ्या! चूक याची, आणि माफ कुणाला केलं, तर बाईंना. साहेबांना त्याचा मोठेपणा फार आवडला. ठीक आहे, इथेच बसा, पण सरांचे आभार माना, असं बाईंना बजावून ते केबिनमध्ये गेले. केबिन दहा पावलांवर होती. दार उघडंच होतं. मागोमाग जाऊन सांगता आलं असतं. त्याचे पाय काही उचलले नाहीत. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं होतं, आणि तरीही तो लॅपटॉप पिशवीत कोंबत होता.

बाईंनी खरोखरच आभार मानले. घरी त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. बाटल्या धुवायला लागल्या असत्या तर लेकीला काय तोंड दाखवलं असतं, म्हणाल्या. तो नुसता मान हलवत राहिला.

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक वही काढली आणि पानं उलटू लागल्या. प्रत्येक पानावर एक तारीख, आणि तारखेखाली तीच ओळ, पडद्यावरून जशीच्या तशी उतरवून घेतलेली. शेवटच्या शब्दाखाली, म्हणजे त्या बाराव्या नावाखाली, दर वेळी रेघ, आणि शेजारी बारीक अक्षरात: 'हे काय? सरांना विचारणे.' अशी दहाबारा पानं त्यानं बघितली.

बाईंना कोरं पान सापडलं. त्यांनी वर आजची तारीख घातली. खाली 'माझ्या चुका' असं लिहिलं, त्याखाली एकचा आकडा काढला, आणि त्याच्याकडे बघितलं.

"माझं कुठे चुकत होतं तेवढं सांगून जा सर. म्हणजे परत तुम्हाला त्रास नको. हं, सांगा."