जयवंताबाईंचा डबा

वर्षालीताई वलगावात मनाच्या आजारातून सावरणाऱ्या आम्हा बायकांचा गाण्याचा गट चालवतात. परवा भुलाबाईची गाणी संपल्यावर बंद डब्यातला खाऊ ओळखायची वेळ आली. डबा जयवंताबाईंचा होता. वर्षभर त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. पण जिचा डबा, तिनंच हो-नाही सांगायचं असतं. तळलेल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास खोलीभर सुटला होता. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी चिमटा काढला. “फुटाणे?” त्यांनी विचारलं. जयवंताबाईंनी मान हलवली. “आयकू नाही आलं!” बाया ओरडल्या. “नाही,” त्या पुटपुटल्या. “चिवडा?” “नाही!” “शंकरपाळे?” मी विचारलं. त्यांनी झाकणच उघडलं. “माय वं, नाकं नाहीत काय तुमाले? सांबारवड्या हायेत! खा, थंड होऊन राहिल्या!” हसता हसता मला मागचं वर्ष आठवलं. तेव्हा मीही गप्पच होते, आणि माझी लसणाची शेव कुणालाच ओळखता आली नव्हती.