बावीस, सतरा, चोवीस

बावीस. सतरा. चोवीस.

श्रेयाचं पेन थबकलं. समोरची पितळी डबी ती किरण मोजणाऱ्या यंत्राच्या नळीपासून एकेक वीत लांब सरकवत होती आणि दर मिनिटाचे ठोके मोजत होती. डबीत किरणोत्सारी धातूचा कण. डबी उघडायची नाही, एवढी एकच सूचना. अंतर दुप्पट झालं की ठोके पावपट व्हायला हवेत, हे तर पाठच. इथं मात्र जवळ बावीस अन् लांब चोवीस.

यंत्र केशवरावांचं. मुंबईतली अणुप्रयोगशाळा नुकती उभी राहत होती तेव्हा त्यांनी ते हातानं बांधलेलं. बाहेरून यंत्रं मिळत नव्हती. मग त्या विशीतल्या पोरांनी काच स्वतः फुंकली, केसाहून बारीक तार नळीतून ताणली, भंगारबाजार पालथा घालून सुटे भाग आणले, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांना बोलतं केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे केशवराव आता छत्रपती संभाजीनगरात राहत. त्यांच्या चिठ्ठीवर एका विद्यार्थ्याला दोन महिने त्या प्रयोगशाळेत शिकायला मिळणार होतं. पाच जण आले होते, चौघांचं झालं होतं. पिशोर गावाहून एम.एस्सी.ला आलेल्या श्रेयानं असली यंत्रं आजवर चित्रांतच पाहिली होती. ही चिठ्ठी हुकली तर पुढंही चित्रंच.

दारातून राजकुमार डोकावला. तो वही देऊन मोकळा झाला होता. तिचे आकडे पाहून त्याला हसू आलं.

"अगं, मशीनचा डब्बा म्हातारा झालाय, पेंगतोय. पुस्तकातले आकडे मांड अन् सुट. आम्ही चौघांनी तेच केलं. तुझ्या सोळा सोमवारांनी मशीन सुधारतंय व्हय?"

श्रेयानं वही जवळ ओढली. अकराव्या सोमवारी मेसमध्ये चुकून मिठाचा घास पोटात गेला होता. कुणी पाहिलं नव्हतं, तरी तिनं सोमवार पुन्हा पहिल्यापासून धरले होते. तिनं तारा घट्ट केल्या, सगळं दोनदा मोजलं. एकवीस. एकोणीस. तेवीस. कागदावर ठिपके मांडले, तर सांडलेल्या तिळांसारखे नुसते विखुरलेले. खाली तिनं लिहिलं, 'अंतर वाढवूनही ठोके कमी झाले नाहीत. कारण मला समजले नाही.' आणि वही केशवरावांकडे दिली.

केशवरावांनी पाचही जणांना बोलावून वह्या मांडीवर घेतल्या. चौघांच्या रेघा डोंगरउतारासारख्या देखण्या, एकीवरून दुसरी गिरवावी अशा. श्रेयाची वही मात्र ते बराच वेळ वाचत राहिले. आपलंच कुठंतरी चुकलं असेल, असं ती पुटपुटली. त्यांनी डबीचं झाकण फिरवलं आणि ती तळहातावर उपडी केली.

तळहात रिकामाच राहिला.

"कण मी सकाळीच काढून ठेवला होता," ते म्हणाले. "बाळ, तू मोजलेस ते आभाळातून आणि या भिंतींच्या दगडातून येणारे ठोके. ते कुणासाठी थांबत नाहीत."

त्यांनी चिठ्ठी लिहून तिच्या हाती दिली. श्रेया वाकून पाया पडली. उठताना तिचे डोळे भरून आले होते.

चौघांच्या माना खाली गेल्या. तिघं हळूच बाहेर पडले. राजकुमार दाराशी घुटमळला. आता या विषयाचं नावच घेत नाही, आपल्याला इथं तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं काहीबाही बोलून तो निघाला, तेव्हा केशवरावांनी शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"बैस. साठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांनीही डबी रिकामीच ठेवली होती. त्या दिवशी सगळ्यांत देखणी रेघ माझी होती."