तपासनीस आला

बसमधून टाय लावलेला माणूस उतरला आणि दवाखान्याच्या खिडकीतून पाहणारी सिस्टर लेओंतिना ताडकन मागे वळली. चामडी बॅग, चकचकीत बूट. असले बूट घालून या दरीत तपासनीसच येतो.

"डॉक्टरसाहेब, उठा. मागे लाकडांच्या खोपटात जाऊन बसा. आला तो."

एकाहत्तरीचे डॉक्टर हारालांबिये उठून मागच्या दाराने गेले. बुखारेस्टच्या सरकारचं फर्मान निघालं होतं: सरकारी नोकरीत पेन्शन घ्या नाहीतर पगार, दोन्ही नाही. डॉक्टरांनी त्या फर्मानाकडे काणाडोळा करून दोन्ही घेणं चालूच ठेवलं होतं. दोन्ही घेताना सापडले असते, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. त्यांच्या जागी येणार कोण? तरुण डॉक्टर केव्हाच इटलीला, जर्मनीला गेले होते. मग दवाखान्याला कुलूप, आणि आजारी माणसाला घाट उतरून न्यायचं. हिवाळ्यात तर घाटच बंद असतो.

शेजारच्या दरीत एक तपासनीस पोट दुखतंय म्हणत आला होता आणि तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरला पकडून गेला होता. लेओंतिनाने छातीवर क्रूस काढला.

"इथले डॉक्टर पेन्शनीत निघालेत ना?" पाहुण्याने विचारलं.

"छे, कोणी सांगितलं? चाळिशीचे आहेत."

"गेल्या वर्षीच लग्न झालं त्यांचं," बाकावरची पाराश्किवा आजी विणकाम न थांबवता म्हणाली. "बायको चांगली आहे, पण स्वयंपाकात यथातथाच."

पाहुणा जरा घुटमळला. "म्हणजे जागा रिकामी नाही? मी तिबेरियु. मीही डॉक्टरच आहे. इटलीत असतो. आता घरी परतायचं म्हणतोय."

त्या मेल्याने पोटदुखी आणली, याने इटली आणली, लेओंतिनाच्या मनात आलं.

"जागा भरलेली आहे."

"निदान डॉक्टरांना भेटून जातो."

"ते आज यायचे नाहीत. तुमची बस सुटेल बघा."

तो मान हलवून निघाला आणि त्याच बसने परत गेला. बस वळणाआड होईपर्यंत ती दारातून हलली नाही. मग ती धावतच खोपटाशी गेली आणि दार उघडलं.

"गेला, डॉक्टरसाहेब. काय एकेक सोंगं करतात. म्हणे इटलीचा डॉक्टर. नाव म्हणे तिबेरियु."

उठू लागलेले डॉक्टर पुन्हा लाकडांवर बसले. कोटावरचा भुसा झटकायचंही त्यांना सुचेना.

"पुढच्या आठवड्यात येणार होता," ते म्हणाले. "पक्कं झाल्याशिवाय तुला सांगणार नव्हतो, लेओंतिना. वर्षभर पाया पडून मीच बोलावलं होतं त्याला, माझ्या खुर्चीवर बसायला."